पायरेट्सचं करायचं तरी काय?

नदीकाठ

आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला २०२५ चा साय यंग मिळाला. अमेरिकन बेसबॉलच्या नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) मान, आणि मतदारांपैकी एकानेही पहिलं मत दुसऱ्या कोणाला दिलं नाही. पोराची ईआरए १.९७. ज्यांना बेसबॉलची सवय नाही त्यांच्यासाठी: नऊ इनिंग टाकल्या तर समोरच्याच्या पदरात सरासरी दोन रनही पडत नाहीत. आता त्याच्या नावापुढचा हिशेब बघा. दहा जिंकल्या, दहा हरल्या.

मे महिन्यात फिलाडेल्फियात गडी एकट्याने शेवटपर्यंत पिचिंग करत राहिला, एकच रन दिला, आणि मॅच १-० ने गेली. मी ती बघत होतो. आठव्या इनिंगनंतर कॅमेरा डगआउटवर (खेळाडूंच्या बाकांवर) गेला तेव्हा तो नुसता समोर बघत बसला होता. ना आदळआपट, ना चिडचिड. त्याच्या जागी मी असतो तर आमच्या बॅटर मंडळींची बॅटच हातात घेतली असती, आणि बॉल मारायला नव्हे.

यंदा ७१ जिंकल्या, ९१ हरल्या, विभागात तळाला. मेजर लीगच्या तीस टीममध्ये सगळ्यांत कमी होमरन (आपले सिक्सर म्हणा) आमचे. मे महिन्यातच मॅनेजर डेरेक शेल्टनला काढून डॉन केलीला आणला, म्हणजे नवरा तोच, फक्त भटजी बदलला. शेवटचा प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) २०१५ ला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी, जिंकली १९७९ ला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

इथे पिट्सबर्ग आणि आसपासचे बरेच मराठी लोक आहेत, म्हणून धागा काढतोय. टीम हरते हे मला चालतं. मुंबईचे नसलेले रणजीप्रेमी काय दर वर्षी जिंकतात का? पण ही टीम चालवणाऱ्यांना जिंकायची घाईच नाही, हे पोटात गोळा आणतं. बॉब नटिंग २००७ पासून मालक आहेत. यंदा घरच्या पहिल्या मॅचला आमच्या मैदानावरून, पीएनसी पार्कवरून, विमान फिरत होतं आणि त्याच्या मागच्या फलकावर 'टीम विकून टाक, बॉब' असं लिहिलं होतं. खाली लोकही तेच ओरडत होते. एप्रिलचा पहिला आठवडा हो! अजून सीझन सुरूही धड झाला नव्हता.

बोला. कोणाकोणाचं जळतंय?

जुना_पिट्सबर्गकर

नदीकाठ, तुम्ही लोक २०१५ चं दुःख सांगता. आम्ही १९९२ मधून आलोय.

१४ ऑक्टोबर, अटलांटा, नॅशनल लीगच्या फायनलची सातवी मॅच. जिंकलो की वर्ल्ड सिरीज. शेवटची अर्धी इनिंग बाकी आणि आम्ही २-० ने पुढे. आमचा पिचर डग ड्रॅबेक तोवर जबरदस्त टाकत होता. त्यांच्या पेंडल्टनने डबल मारला, म्हणजे दुसरा बेस गाठला. मग साधा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला बॉल) सेकंड बेसवरच्या होसे लिंडकडे. त्या वर्षी गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस) मिळालेला माणूस तो. त्याच्याकडून सुटला. मग सिड ब्रीमला वॉक (न मारता मिळालेला पहिला बेस). बेस भरलेले, एकही आउट नाही. ड्रॅबेकला काढून स्टॅन बेलिंडाला आणला. एक रन गेला, दोन आउट झाले, बेस परत भरले, आणि अटलांटाच्या ब्रेव्ह्जनी फ्रान्सिस्को काब्रेराला बॅटिंगला पाठवलं. या काब्रेराने अख्ख्या रेग्युलर सीझनमध्ये दहा अॅट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) घेतले होते. दहा!

त्याने लेफ्टला मारला. तिसऱ्या बेसवरचा जस्टिस आला, बरोबरी. आणि मागून सिड ब्रीम निघाला. ब्रीमच्या गुडघ्यावर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या की तो पायाला ब्रेस बांधून खेळायचा. लीगमधल्या सगळ्यांत हळू पळणाऱ्यांपैकी एक, आणि वर आमचाच जुना खेळाडू, दोन वर्षांपूर्वी आम्हीच जाऊ दिलेला. लेफ्टला बॅरी बॉन्ड्स. बॉन्ड्सने टाकला तो थ्रो होम प्लेटच्या किंचित पहिल्या बेसच्या बाजूला पडला. कॅचर लाव्हालियरने तो घेतला आणि अंग झोकून मागे वळला, तोवर ब्रीमचा पाय प्लेटवर. ३-२. खलास.

पुढच्या काही आठवड्यांत बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला, ड्रॅबेक ह्यूस्टनला. आणि त्यानंतर १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन आम्ही जिंकल्यापेक्षा जास्त हरलो. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत दुसऱ्या कोणत्याही टीमने हे करून दाखवलेलं नाही. माझी मुलगी त्या मॅचनंतर जन्मली, शाळा संपवून कॉलेजात गेली, आणि तोवर तिने जिंकणारी पायरेट्स बघितली नव्हती.

गोलंदाज

पुण्यातून लिहितोय, बेसबॉलमधलं काही कळत नाही, मुलगा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आहे म्हणून धागा उघडला. एक बाळबोध शंका. वीस वर्षं सलग हरणारी टीम खालच्या लीगमध्ये ढकलत कशी नाहीत? इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तर ढकलतात.

नदीकाठ

काका, तीच तर मेख आहे. इथे खाली ढकलणं नाही. उलट हरलात तर बक्षीस. नवे खेळाडू निवडायचा जो ड्राफ्ट होतो त्यात खराब टीमला आधी पाळी. आता त्याची सोडत काढतात, पण तळाच्या टीमला संधी जास्त. पहिली सोडत आम्हीच जिंकलो आणि २०२३ ला स्कीन्स आला. शिवाय श्रीमंत टीमच्या उत्पन्नातला वाटा गरीब टीमना मिळतो, टीव्हीच्या राष्ट्रीय करारातला वाटा तर सगळ्यांना सारखाच. म्हणजे स्टेडियम अर्धं रिकामं राहिलं तरी मालक उपाशी मरत नाही. एनएफएलसारखी (अमेरिकन फुटबॉलची लीग) पगारावर कमाल मर्यादा नाही आणि किमान किती खर्च करायचाच, असंही बंधन नाही. लॉस एंजेलिसचे डॉजर्स खेळाडूंवर ३० कोटी डॉलरच्या वर उधळतात, आमचे १० कोटीच्या आत-बाहेर घुटमळतात.

शिकागोची_सून

मी शिकागो कब्ज टीमवाली, त्यामुळे इथे यायला नको होतं, पण २७ मे २०२१ कोणी काढलाच नाही, हे काय!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पिट्सबर्गमध्येच मॅच. दोन आउट. आमच्या हावी बाएझने साधा ग्राउंडर मारला. थ्रो जरा बाजूला आला, म्हणून फर्स्ट बेसमन विल क्रेग बेस सोडून पुढे आला. बॉल त्याच्या हातात. मागे दोन पावलं जाऊन बेसला पाय लावला की इनिंग संपली. पण बाएझ उलटा फिरला आणि होम प्लेटकडे पळायला लागला. आणि क्रेग त्याच्या मागे! तेवढ्यात सेकंडवरचा आमचा कॉन्ट्रेरास तिसरा बेस ओलांडून पळत आला. क्रेगने घाबरून बॉल कॅचरकडे टाकला, कॉन्ट्रेरास सेफ. बाएझने स्वतःच हात पसरून 'सेफ' अशी खूण केली, मग वळून फर्स्टकडे धूम ठोकली. तिकडे बेसवर कोणीच नव्हतं. थ्रो गेला भलतीकडे, बाएझ सेकंडवर.

आमच्याकडे कोणी उदास असलं की हा व्हिडिओ लावतात.

कट्ट्यावरचा

😂😂 त्यात पुढच्या वर्षीचं पण घाला. १५ मे २०२२, सिनसिनाटीविरुद्ध. पायरेट्सना अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट (बॉल मारून बेस गाठणं) मिळाला नाही आणि ते १-० ने जिंकले. वॉकवर वॉक, आणि एक रन. हरायचं कसं हे माहीत असलेल्यांना जिंकायचं कसं हे तरी सरळ कसं कळणार.

माझं सर्वांत लाडकं मात्र २०१० चं. मिलवॉकीविरुद्ध घरच्या मैदानावर २०-०. वीस.

अनाहूत

सगळे नटिंगच्या नावाने बोटं मोडताय, म्हणून थोडं उलटं लिहितो. चालेल ना?

पिट्सबर्ग छोटं शहर आहे. पोलाद गेलं तशी लोकसंख्या निम्म्याच्या खाली आली. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या टीमला स्थानिक टीव्हीतून जे मिळतं ते इथे मिळणार नाही. आणि पैसा सोडलाच नाही असंही नाही. ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये आठ वर्षांसाठी १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरचा करार दिला. कब्राएन हेझला त्याआधी सात कोटींचा. २०१३, १४, १५ अशी तीन वर्षं लागोपाठ प्लेऑफ झाली तेव्हाही मालक हाच होता. ते कोणी सांगत नाही.

नदीकाठ

अनाहूत, चालेल, पण पुढचंही लिहा की. १० कोटी ६७ लाख हा तोवरच्या क्लबच्या अख्ख्या इतिहासातला सगळ्यांत मोठा करार होता. दुसऱ्या टीम एवढे पैसे तिसऱ्या नंबरच्या पिचरला देतात. आणि हेझला यंदा जुलैत सिनसिनाटीला पाठवून टाकला.

२०१५ मध्ये ९८ मॅच जिंकल्या होत्या. ९८! सेंट लुईसने शंभर जिंकल्या म्हणून आम्ही दुसरे, आणि मग एका मॅचच्या वाइल्ड कार्डमध्ये (प्लेऑफच्या पहिल्या पायरीवर) कब्जच्या अॅरिएटाने ४-० ने घरी बसवलं. आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या बमगार्नरने ८-० ने. ठीक आहे, नशीब. पण अशी टीम हातात असताना पुढच्या हिवाळ्यात मालकाने काय केलं? पाकीट मिटलं. २०१८ च्या जानेवारीत गेरिट कोल ह्यूस्टनला आणि त्याच आठवड्यात अँड्रू मकचन सॅन फ्रान्सिस्कोला. मकचन म्हणजे २०१३ चा एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू), या गावाचा लाडका. बॉन्ड्स स्वतः गेला होता, याला आपण घालवला.

आणि मग त्याच जुलैमध्ये काय सुचलं कोण जाणे, क्रिस आर्चरला आणायला टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघं टॅम्पाला देऊन टाकले. आर्चरने इथे काय दिवे लावले ते सगळ्यांना माहीत आहे. कोल पुढे न्यूयॉर्क यांकीजकडे ३२ कोटी ४० लाखांवर गेला आणि साय यंग घेतला. ग्लासनाऊ डॉजर्समध्ये.

जुना_पिट्सबर्गकर

ट्रेडचा (खेळाडूंच्या अदलाबदलीचा) विषय निघाला तर २००३ पण लिहा. अरामिस रामिरेझ, पंचविशीचा थर्ड बेसमन, कब्जला जवळजवळ फुकट. शिकागोच्या सूनबाई त्याबद्दल आभार मानतील.

शिकागोची_सून

मानते. दर वर्षी दिवाळीला मानते.

नदीकाठ

आता जरा मागे जातो, कारण मला ही सवय नटिंगच्याही आधीची वाटते.

१९५२ ची पायरेट्स ४२ जिंकली आणि ११२ हरली. त्या टीममध्ये राल्फ कायनर होता. १९४६ पासून सलग सात वर्षं लीगमध्ये सगळ्यांत जास्त होमरन मारणारा माणूस, कधी एकटा, कधी बरोबरीत. लोक फक्त त्याची बॅटिंग बघायला यायचे आणि त्याची शेवटची पाळी झाली की उठून जायचे. त्या वर्षानंतर त्याने पगाराचा विषय काढला, तर जनरल मॅनेजर ब्रांच रिकी म्हणाले, तू असतानाही आपण शेवटचे आलो, तू नसतानाही येऊ शकतो. पगार कापला आणि पुढच्या वर्षी शिकागोला पाठवून दिला.

गंमत अशी की रिकींनीच १९५४ च्या नोव्हेंबरात डॉजर्सच्या दुर्लक्षित पोरांमधून चार हजार डॉलरला एक पोर्तो रिकोचा मुलगा उचलला. रोबेर्तो क्लेमेंटे. म्हणजे डोकं होतं, नजर होती. फक्त आहे त्या माणसाला सांभाळायची दानत तेव्हाही नव्हती.

वसुधा_ताई

क्लेमेंटेचं नाव आलं म्हणून लिहिते. मला खेळातलं फार कळत नाही, आमच्याकडे हे बघतात म्हणून मी बसते. पण हा माणूस मला कळतो. ३००० हिट पूर्ण केले, नेमके ३०००, आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघाला तो विमान अपघातात गेला. सामान मध्येच गायब होत होतं म्हणून स्वतः जायचं ठरवलं होतं. त्याचा नंबर २१, म्हणून पीएनसी पार्कच्या उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच बांधली आहे. पार्कला जायचा पूलही त्याच्याच नावाचा.

आणि यंदा एप्रिलमध्ये त्याच भिंतीवरची त्याच्या २१ ची खूण झाकून तिथे दारूच्या ब्रँडची जाहिरात लावली होती! त्याचा मुलगा बोलला, मग माफी मागून परत लावली. विचारायला कोणी नव्हतं का तिथे? एवढ्या मोठ्या ऑफिसात एकालाही वाटलं नाही की हे बरं दिसत नाही?

कट्ट्यावरचा

वसुधाताई +१०००. त्याच महिन्यात विटांचं पण झालं. पार्क नवीन झालं तेव्हा लोकांनी पैसे भरून विटांवर नावं कोरून घेतली होती. कोणाचे वडील, कोणाचा गेलेला भाऊ. त्या विटा काढल्या आणि ढीग भंगारच्या यार्डात सापडला. फोटो गावभर फिरले. क्लबने मग सांगितलं की नव्या विटा करू.

हे दोन प्रकार एकाच महिन्यात झाले, वर विमानाचा फलक. पीआरचं काम करणाऱ्या माणसाची मला खरंच दया आली.

मिलवॉकीकर

मी मुद्दाम शेवटपर्यंत थांबलो होतो. अनाहूत, छोटं शहर हे कारण मला सांगू नका. मिलवॉकी टीव्हीच्या बाजारपेठेच्या मापाने पिट्सबर्गहून लहान आहे. आमच्या ब्रूअर्सनी यंदा ९७ जिंकल्या, अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यांत जास्त. आमच्याही टीमकडे डॉजर्सचा पैसा नाही. आम्हीही खेळाडू विकतो. कॉर्बिन बर्न्सला विकला, डेव्हिन विल्यम्सला विकला. फरक एवढाच की त्यांच्या बदल्यात आलेली पोरं खेळतात. खेळाडू घडवायचं खातं चांगलं असेल तर गरिबी निभावून जाते. तुमच्याकडे पिचर घडतात, बॅटर घडत नाहीत. कित्येक वर्षांत तुमच्या फार्ममधून (खेळाडू घडवायच्या खालच्या टीममधून) वर येऊन टिकलेला हिटर सांगा बरं.

बाकी वर्ल्ड सिरीज आम्हीही कधीच जिंकलेलो नाही, म्हणून फार बोलत नाही.

नदीकाठ

मिलवॉकीकर, हे मात्र वर्मावर बसलं. रेनॉल्ड्सही मकचनच्या बदल्यात आलेला, आपला घडवलेला नव्हे. २००७ च्या ड्राफ्टमध्ये मॅट वीटर्स समोर असताना डॅनियल मॉस्कोस उचलला होता, कारण वीटर्सला जास्त पैसे द्यावे लागले असते. त्याच वर्षी ३० जूनला लोकांनी तिसऱ्या इनिंगनंतर जागा सोडून निषेध केला होता. अठरा वर्षं झाली, घोषणा तीच.

गोलंदाज

मुलाला धाग्याची लिंक पाठवली. तो म्हणतो कॉलेजजवळ, पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात, एक जुनी विटांची भिंत आहे, तिथे ऑक्टोबरात म्हातारे लोक खुर्च्या टाकून रेडिओ ऐकत बसलेले दिसले. हा काय प्रकार?

जुना_पिट्सबर्गकर

ती फोर्ब्स फील्डची भिंत, काका. जुनं मैदान पाडलं, तेवढी ठेवली. १३ ऑक्टोबर १९६०, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, समोर यांकीज. पहिल्या सहा मॅचमध्ये मिळून यांकीजचे ४६ रन आणि आमचे १७, असल्या मारानंतरही सिरीज ३-३. शेवटच्या इनिंगला ९-९. बिल मॅझेरोस्की आला आणि लेफ्टच्या भिंतीवरून बॉल बाहेर. सातव्या मॅचमध्ये होमरनने सिरीज संपलेली ही अजूनही एकमेव. दर १३ ऑक्टोबरला जुनी मंडळी त्या भिंतीपाशी जमतात आणि त्या मॅचचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून लावतात. निकाल सगळ्यांना पाठ असतो तरी नवव्या इनिंगला टाळ्या वाजतात. मुलाला पुढच्या वर्षी तिथे बसायला सांगा, कोणीतरी कुकी नक्की देईल.

अनाहूत

एक भारतीय धागा कोणीच पकडला नाही. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल. २००८ मध्ये भारतात पिचिंगची स्पर्धा झाली, उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन पोरं निवडली गेली आणि त्यांना करार कोणी दिला? पायरेट्सनी. मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही, रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. पण ज्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता अशा पोरांना घ्यायची हिंमत याच कंजूस क्लबने दाखवली होती.

कट्ट्यावरचा

स्वस्तात मिळाले असतील 😁

वसुधा_ताई

मला एक सांगा, एवढं सगळं असताना तुम्ही जाता कशाला? आमच्याकडे हे दर वेळी 'आता शेवटचं' म्हणतात आणि पुढच्या शुक्रवारी परत.

नदीकाठ

ताई, १ ऑक्टोबर २०१३ मुळे. एकवीस वर्षांनंतर पहिला प्लेऑफ, सिनसिनाटीशी. सगळं पार्क काळ्या कपड्यांत. समोर जॉनी क्वेटो पिचिंगला. लोकांनी त्याच्या नावाची हाळी सुरू केली, 'क्वेऽऽटो, क्वेऽऽटो', लांबवून, चाळीस हजार माणसं एका सुरात. आणि त्याच्या हातातून बॉल खाली पडला. खरंच पडला, माउंडवर (पिचर उभा राहतो तो उंचवटा), घरंगळत. पुढच्याच पिचवर रसेल मार्टिनने तो स्टँडमध्ये पाठवला. शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली, रडत होते. १९९२ ला अटलांटात होते म्हणाले.

त्या रात्री काय होऊ शकतं ते बघितलं, म्हणून नटिंगवर राग आहे. हे गाव वाट बघतंय. आतषबाजीच्या रात्री आणि बाहुल्या वाटतात त्या दिवशी पार्क भरतं, ते बघून मालकाला वाटतं सगळं आलबेल आहे.

मिलवॉकीकर

घड्याळ बघा. स्कीन्स २०२९ नंतर दुसऱ्या टीमकडे जायला मोकळा होणार. त्याआधीच कोणीतरी मोठी ऑफर घेऊन येईल. आणि २०२६ च्या डिसेंबरला खेळाडू आणि मालकांमधला सामूहिक करार संपतोय, मालक लोक पगाराच्या मर्यादेसाठी हटून बसले तर पुढचा सीझन वेळेवर सुरू होईल की नाही कोण जाणे. म्हणजे तुमच्याकडे खात्रीचं असं फक्त २०२६ आहे.

शिकागोची_सून

मे महिन्यात सासूसासरे येणार आहेत, बालाजीच्या दर्शनाला पिट्सबर्गला आणायचंच आहे. एक मॅच पण दाखवू म्हणते. कुठे बसवू? ऊन सोसत नाही त्यांना.

नदीकाठ

थर्ड बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. नदी, पूल आणि डाउनटाउन समोर दिसतं, तिकीटही स्वस्त. संध्याकाळची मॅच घ्या. स्कीन्सची पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी येते, दोन दिवस आधी जाहीर होतं, तेव्हा घाई करू नका. पेनहिल्सच्या बालाजीच्या देवळातलं जेवण करूनच निघा, आतलं खाणं महाग आहे. आणि कब्जचा शर्ट घालून आलात तर मी ओळख दाखवणार नाही.